अनुताई वाघ : कोसबाडच्या टेकडीवरच्या बाई

विरारहून डहाणू लोकलने शेवटपर्यंत गेलं, की कोसबाडची टेकडी फार लांब राहत नाही. म्हणजे अनुताई आपल्याच जिल्ह्यातल्या. जन्म मात्र मोरगावचा, 1910 चा. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. अशा मुलीच्या वाट्याला तेव्हा स्वयंपाकघराचा कोपराच यायचा. घरच्यांनी तिला पुन्हा शाळेत पाठवलं, ही मोठीच गोष्ट. शिकून त्या शिक्षिका झाल्या. पुढे पुण्याला हुजूरपागेत नोकरी, मान, सगळं होतं.

1945 मध्ये एका शिबिरात ताराबाई मोडकांची गाठ पडली. ताराबाई बोर्डीला बालवाडी काढणार होत्या, त्यांनी अनुताईंना बोलावलं. पस्तिशीत पक्की नोकरी सोडायची म्हणजे काय, ते आपण ईएमआयवाल्यांनी सांगायला नको! अनुताई गेल्या.

वस्तीतली पोरं शाळेत येईनात. कुणाला गुरं राखायची, कुणाच्या कडेवर धाकटं भावंड. मग शाळाच त्यांच्या दारात गेली, तीच अंगणवाडी. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पानं. हे सारं एकट्या अनुताईंचं नव्हे. ताराबाई पाठीशी होत्या, आणि अनुताई त्यांच्या हाताखाली घडत गेल्या.

1957 मध्ये संस्था कोसबाडला आली. 1961 मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी, अनुताई बी.ए. झाल्या. 1973 मध्ये ताराबाई गेल्या, तरी काम थांबलं नाही. 1985 मध्ये पद्मश्री मिळाली. 1992 मध्ये अनुताई गेल्या, त्या कोसबाडलाच.