जेबीएलमागचा माणूस: जेम्स लान्सिंग आणि दोनदा विकलं गेलेलं नाव

गणेशोत्सवाची मिरवणूक असो, लग्नाचा हॉल असो, नाहीतर कॉलेजच्या पोरांच्या हातातला छोटा ब्लूटूथ स्पीकर असो, ‘जेबीएल’ ही तीन अक्षरे आपल्याला हमखास दिसतात. ही अक्षरे एका माणसाच्या नावाची आहेत, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. त्या माणसाचे नाव जेम्स बी. लान्सिंग. त्यांच्या नावाचा ब्रँड आज जगभर आहे, पण तो उभा राहिलेला त्यांनी स्वतः कधी पाहिला नाही.

गंमत म्हणजे लान्सिंग हे त्यांचे जन्माचे आडनाव नव्हतेच. १४ जानेवारी १९०२ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात जन्मलेल्या या मुलाचे नाव होते जेम्स मार्टिनी. वडील कोळसा खाणींचे अभियंता. पोराला लहानपणापासून तारा, विजेची उपकरणे आणि रेडिओचे वेड. शाळकरी वयातच त्याने घरच्या घरी रेडिओ संदेश पाठवणारे यंत्र जोडले होते. पुढे मोटारगाड्या दुरुस्त करून त्याने पोट भरले. १९२४ मध्ये आई गेली आणि त्याने गाव सोडले. सॉल्ट लेक सिटीत त्याची ग्लेनाशी ओळख झाली, तीच पुढे त्याची पत्नी झाली. तिथेच केन डेकर हा धंद्यातला जोडीदारही भेटला.

दोघे लॉस एंजेलिसला गेले आणि ९ मार्च १९२७ रोजी ‘लान्सिंग मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ नोंदवली. त्याच सुमारास मार्टिनी हे आडनाव टाकून जेम्स यांनी लान्सिंग हे नाव घेतले. म्हणजे कंपनीचे आणि मालकाचे नाव जवळपास एकदमच जन्माला आले.

बोलपटांनी दिलेली संधी

तो काळ बोलपट सुरू होण्याचा. पडद्यावरची माणसे बोलू लागली, पण थिएटरातले कर्णे त्या मानाने कच्चे होते. आवाज चिरका यायचा, मागच्या रांगेपर्यंत शब्द नीट पोचत नसत. एमजीएम स्टुडिओचे ध्वनी विभागप्रमुख डग्लस शिअरर आणि अभियंता जॉन हिलियर्ड यांनी नवी रचना करायचे ठरवले. जाड आवाजासाठी वेगळा स्पीकर, बारीक आवाजासाठी वेगळा, आणि दोन्हींना आपापला कर्णा. यातले स्पीकर बनवण्याचे काम लान्सिंग यांच्याकडे आले. या ‘शिअरर हॉर्न’साठी एमजीएमच्या ध्वनी विभागाला १९३६ सालचा अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. लान्सिंग यांची कारागिरी साऱ्या हॉलिवूडच्या कानावर गेली.

या जोडीत कामे वाटलेली होती. लान्सिंग यंत्रावर बसत आणि डेकर हिशेब, देणी-घेणी, गिऱ्हाईक सांभाळत. १९३९ मध्ये विमान अपघातात डेकर गेले आणि कंपनीचा एक हातच तुटला. लान्सिंग यांना चुंबक आणि तार कळत होती, वहीखाते कळत नव्हते. माल उत्तम निघत होता, तरी गल्ल्यात खडखडाट होऊ लागला.

पहिली विक्री

डिसेंबर १९४१ मध्ये ऑल्टेक या कंपनीने लान्सिंग मॅन्युफॅक्चरिंग ५०,००० डॉलरला विकत घेतली. थिएटरांतल्या ध्वनियंत्रणेची देखभाल हा ऑल्टेकचा धंदा. त्यांना स्वतःचा माल बनवायचा होता, त्यासाठी कारखाना हवा होता आणि कारागीरही. नव्या कंपनीचे नाव ठरले ‘ऑल्टेक लान्सिंग’. स्वतः लान्सिंग अभियांत्रिकी विभागाचे उपाध्यक्ष झाले.

कामाच्या दृष्टीने ही वर्षे वाया गेली नाहीत. पाठीशी पैसा होता, सोबत हिलियर्डसारखी माणसे होती. एकाच चौकटीत जाड आणि बारीक आवाजाचे दोन स्पीकर बसवणारा ‘६०४ डुप्लेक्स’ याच काळातला. पुढे कित्येक वर्षे तो ध्वनिमुद्रण स्टुडिओंत वापरला गेला. थिएटरांसाठीची ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ मालिकाही याच काळात तयार झाली.

पण काल मालक असलेला माणूस आज नोकर झाला होता. पाच वर्षांचा करार संपताच, १९४६ मध्ये लान्सिंग बाहेर पडले आणि त्यांनी ‘लान्सिंग साउंड’ ही नवी कंपनी काढली.

इथे पहिल्या विक्रीचा खरा अर्थ पुढे आला. ऑल्टेकने हरकत घेतली. लान्सिंग हे नाव आता त्यांनी विकत घेतलेल्या मालमत्तेचा भाग होते. ज्या माणसाने ते आडनाव स्वतः निवडले, त्यालाच ते पाटीवर लावायची चोरी! अखेर ‘जेम्स बी. लान्सिंग साउंड’ असे पूर्ण नाव लावायचे, यावर तडजोड झाली. जेबीएल ही अक्षरे त्या तडजोडीतून आलेली आहेत.

उत्तम माल, रिकामा गल्ला

नव्या कंपनीतून लान्सिंग यांचा सर्वांत गाजलेला स्पीकर निघाला, ‘डी-१३०’. पंधरा इंची स्पीकर आणि त्याच्या पोटात तब्बल चार इंच व्यासाची व्हॉइस कॉइल. तिची तार गोल नव्हती. चपटी पट्टी कडेवर उभी करून गुंडाळलेली होती. त्यामुळे चुंबकाच्या अरुंद फटीत जास्त धातू मावायचा आणि तेवढ्याच विजेत जास्त आवाज निघायचा. त्या वेळच्या अ‍ॅम्प्लिफायरची ताकद थोडी असे, म्हणून हा फरक मोठा होता.

दुकानदारी मात्र जमली नाही ती नाहीच. मार्क्वार्ट एव्हिएशन या विमान क्षेत्रातल्या कंपनीने पैसा आणि जागा देऊन काही काळ आधार दिला. पुढे मार्क्वार्टच जनरल टायर कंपनीच्या ताब्यात गेली आणि टायरवाल्यांना स्पीकरमध्ये रस नव्हता. वरचा मालक बदलला आणि खालचा आधार निघून गेला. या व्यवहारातून एक गोष्ट मात्र चांगली घडली. मार्क्वार्टचे खजिनदार विल्यम थॉमस लान्सिंग यांच्या कंपनीत आले.

तोवर कर्ज सुमारे २०,००० डॉलरवर गेले होते. सप्टेंबर १९४९ मध्ये लान्सिंग यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. वय होते अवघे ४७.

मालक बदलले, काम टिकले

लान्सिंग यांच्या विम्याचे १०,००० डॉलर कंपनीला मिळाले आणि तिने तग धरला. थॉमस यांनी ग्लेना यांचा हिस्सा विकत घेऊन कारभार हाती घेतला. ते स्वतः स्पीकर बनवणारे नव्हते, पण जे बनत होते त्याची किंमत त्यांना कळत होती. डी-१३० चालू राहिला. त्याचे खास रूप फेंडरच्या गिटार अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बसले. १९५७ मध्ये ‘पॅरागॉन’सारखा देखणा, कपाटाएवढा स्पीकर आला. डेकर गेल्यापासून लान्सिंग यांना जो माणूस हवा होता, तो कंपनीला सापडला खरा, पण त्यांच्या माघारी.

१९६९ मध्ये थॉमस यांनी जेबीएल सिडनी हरमन यांच्या कंपनीला विकली. अमेरिकी सरकारात पद मिळाल्यावर हरमन यांनी आपला उद्योग बीट्रिस फूड्स या खाद्यपदार्थांच्या कंपनीला विकला. १९८० मध्ये जेबीएल पुन्हा त्यांच्याकडे आली. २०१७ मध्ये सॅमसंगने सुमारे ८ अब्ज डॉलर मोजून अख्खी हरमन कंपनी घेतली. तेव्हापासून जेबीएलची मालकी दक्षिण कोरियात आहे.

ऑल्टेक लान्सिंगची वाट वेगळी निघाली. तेही नाव अनेक हातांतून फिरले आणि शेवटी संगणकाशेजारी ठेवायच्या छोट्या स्पीकरांवर आले. आपल्याकडेही ते स्पीकर अनेक घरांत होते. त्यांचा आणि त्या जुन्या थिएटरातल्या कर्ण्यांचा संबंध उरला होता तो पाटीपुरताच.

दोन्ही नावे एकाच माणसाची आणि दोन्ही विकली गेली. नव्या मालकाने जिथे त्यांचे काम चालू ठेवले, तिथे नावाला वजन राहिले. जिथे फक्त पाटी उचलली, तिथे पाटीच उरली. आणि ज्याचे नाव, तो मात्र पन्नाशीही न गाठता, डोक्यावर कर्ज घेऊन गेला.