बार कुठल्या गालात?

चिखलीच्या बसस्टँडवर बुलढाण्याच्या गाडीची वाट बघत उभे असाल, तर तंबाखू मळणाऱ्या कुणाकडेही जरा नीट बघा. तळहातावर तंबाखू, त्यावर बोटभर चुना, अंगठ्यानं मळायचं, वरून दोन थापा आणि बार थेट खालच्या ओठाआड. बार ठेवायची जागा बहुतेकांची ठरलेली असते. डावी बाजू असेल तर वर्षानुवर्षं डावीच. आपल्याला यात विशेष काही वाटत नाही. लहानपणापासून बघतोय ना, आणि खरं सांगायचं तर कित्येकांच्या घरातच बघतोय.

एका माणसाला मात्र ती जागा फार महत्त्वाची वाटली. त्यांचं नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर. मेडिकलच्या पोरांना ते भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणून माहीत असतात. तुम्ही बीए, बीकॉमला असाल तर बहुतेक पहिल्यांदाच ऐकताय. लाजू नका, मीही परवापरवापर्यंत ऐकलं नव्हतं.

जन्म १३ एप्रिल १८९५. लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये पॅथॉलॉजीत एमडी. आता विचार करा, त्या काळात लंडनहून एमडी होऊन आलेल्या डॉक्टरनं मुंबईत दवाखाना टाकला असता तर पैशाला काय तोटा होता? खानोलकरांनी निवडलं ते पेशंटशी थेट संबंध कमी आणि काचपट्टीशी जास्त असं काम. पॅथॉलॉजी म्हटलं की आपल्याला रक्त तपासायची लॅब आठवते. पण गाठीचा छोटासा तुकडा काढून, त्याचे पातळ काप करून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली बघून हा कॅन्सर आहे की नाही हे ठरवणाराही पॅथॉलॉजिस्टच. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि पुढं सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात त्यांनी हा विषय शिकवला.

मग आलं १९४१. आपल्याकडे कुणाला कॅन्सर झाला की लोक म्हणतात, टाटाला नेलं. मलकापूर गाठायचं, मुंबईची गाडी पकडायची आणि परळ. ते टाटा मेमोरियल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या, त्या दुःखातून उभं राहिलेलं हे हॉस्पिटल. तिथल्या प्रयोगशाळांची आणि संशोधनाची जबाबदारी खानोलकरांकडे आली.

हिंदुस्थानात कॅन्सर फारसा नसतोच, असा तेव्हा बऱ्याच डॉक्टरांचा समज होता. खानोलकरांच्या टेबलावर मात्र तोंडाच्या कॅन्सरचे तुकडे येतच होते. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या ओळीनं १,००० केसेसचा आढावा छापला. ओळीनं, म्हणजे यातला आवडला तो घेतला, नको तो सोडला असं नाही. पुढच्याच वर्षी लोकांच्या सवयींमुळे होणाऱ्या कॅन्सरच्या नव्या प्रकारांवर लेख. त्यातला एक खैनीचा. तंबाखू-चुन्याची चिमूट ओठ आणि हिरडी यांच्यामधल्या खोबणीत धरतात आणि कॅन्सर उगवतो तो नेमका त्याच खोबणीत. दुसरा धोतराचा. कंबरेला करकचून बांधलेलं धोतर वर्षानुवर्षं एकाच जागी काचतं आणि तिथल्या कातडीला कॅन्सर होतो. वाचताना मी आधी हसले, मग गप्प झाले. इतक्या साध्या गोष्टी डोळ्यांपुढं असतात आणि त्या लिहून ठेवायला कुणीतरी यावं लागतं.

पण हा माणूस तेवढ्यावर थांबणारा नव्हता. सवयीमुळं होतो म्हणता, मग रक्तातच काही फरक असेल तर? हे तपासायला लोकांमधले जन्मजात फरक आधी माहीत हवेत. म्हणून एल. डी. संघवी यांच्याबरोबर त्यांनी मुंबईतल्या आपापसातच लग्न करणाऱ्या सहा समाजगटांची सात आनुवंशिक लक्षणं तपासली. ते काम १९४९ मध्ये छापून आलं. आणि १९५५ मध्ये संघवी आणि राव यांच्यासोबतचा तंबाखूवरचा अभ्यास थेट ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये. चघळणाऱ्यांचा कॅन्सर जास्त करून तोंडाच्या पोकळीत, ओढणाऱ्यांचा मागं घशाकडं, आणि दोन्ही करणाऱ्यांचं तर विचारूच नका. मधल्या काळात, १९५२ मध्ये, इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं आणि खानोलकर त्याचे संचालक झाले. पेशींवरच्या संशोधनासाठी नाव कमावलेल्या डॉ. कमल रणदिवे त्यांच्याच हाताखाली तयार झाल्या.

आता बीएस्सीवाल्यांनी जरा सरसावून बसा. बार ठेवलेल्या जागी पेशी बिघडते, ठीक आहे. तंबाखूतली नायट्रोसअमाइन्स तिच्या डीएनएला इजा करतात आणि चुना निकोटीन पटकन आत शिरायला मदत करतो. पण बिघडलेली पेशी जगते कशावर? खानोलकर लंडनला शिकत होते साधारण त्याच काळात बर्लिनमध्ये ओटो वारबुर्ग हे मोजत होते. निरोगी पेशी ऑक्सिजन वापरून ग्लुकोज पूर्ण जाळते आणि एका रेणूमागं ऊर्जेची ३० च्या आसपास नाणी, म्हणजे एटीपी, कमावते. कॅन्सरची पेशी ऑक्सिजन असतानाही बरंचसं ग्लुकोज अर्धवट मोडते, २ नाणी घेते आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकते. तोट्याचा धंदा वाटतो ना? पण हे काम झटपट होतं आणि नव्या पेशी बांधायला कच्चा माल मिळतो. फक्त त्यासाठी साखर ढीगभर लागते. पेटस्कॅनमध्ये गाठ चमकते ती यामुळंच, कारण टोचलेली किरणोत्सारी साखर ती अधाशासारखी ओढून घेते. (वारबुर्गना वाटलं होतं की पेशीचा श्वासच बिघडल्यामुळं कॅन्सर होतो. ते काही टिकलं नाही. १९३१ चं नोबेलही त्यांना मिळालं ते श्वसनाच्या एन्झाइमसाठी.)

खरी गोम पुढं आहे. कॅन्सरशी लढणाऱ्या आपल्या टी पेशींनाही लढताना हीच साखर लागते. म्हणजे एकाच ताटावर दोघं बसलेत आणि गाठीचा हात लांब. गाठीच्या आसपास साखर संपते, आम्ल साचतं, टी पेशी जागेवर असूनही ढिल्या पडतात. आणि लढाई आवरती घ्या असं सांगणाऱ्या रेग्युलेटरी टी पेशी मात्र त्या आंबट वातावरणात तग धरतात. गेल्या दहा-पंधरा वर्षांत हे चित्र स्पष्ट होत आलंय. डोकं आणि मानेच्या कॅन्सरमध्येही त्यावर काम चालू आहे.

टी पेशींचा ब्रेक सोडवणारी औषधं आलीत, पण ती भयंकर महाग. इथं खानोलकरांचंच हॉस्पिटल पुन्हा येतं. टाटामधल्या डॉक्टरांनी डोकं-मानेचा कॅन्सर खूप पुढं गेलेल्या १५१ रुग्णांवर चाचणी केली. निम्म्यांना नेहमीच्या गोळ्या, निम्म्यांना गोळ्यांसोबत निवोलुमॅब, तेही फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या डोसचा अगदी छोटा हिस्सा. वर्षभरानं जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण पहिल्या गटात १६.३ टक्के होतं, दुसऱ्यात ४३.४ टक्के. २०२२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आकडे आनंदाचे आहेत, पण दुसऱ्या बाजूनंही वाचा. वर्षभरात निम्म्याहून जास्त लोक गेलेच.

आणि हो, घरात कुणाला कॅन्सर असेल तर साखर बंद करून गाठ उपाशी मरेल असं सांगणारे मेसेज फॉरवर्ड करू नका. आपण गोड खाल्लं नाही तरी यकृत ग्लुकोज बनवतंच. पेशंट वाळतो, गाठ नाही. आहाराचं डॉक्टरांना विचारा.

खानोलकर पुढं कुष्ठरोगाकडंही वळले, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले, पद्मभूषण मिळालं. ती यादी तुम्हाला नेटवर सापडेल. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी ते गेले. टपरीवर माळांसारख्या लटकणाऱ्या पुड्यांचं पीक आलं ते त्यानंतर. राज्यात गुटख्यावर बंदी आली २०१२ मध्ये आणि ती किती पाळली जाते ते टपरीवर उभं राहिलं की कळतं.

तेव्हा गाडी यायला वेळ असेल तर शेजारच्या त्या काकांना किंवा तुमच्याच ग्रुपमधल्या पुडीवाल्याला एवढं सांगा. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालून बघ. बार ठेवायच्या जागी पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, आरशात बघ. तीन बोटं जात नसतील, चट्टा असेल किंवा दोन-तीन आठवडे न भरलेली जखम असेल, तर दुखत नसलं तरी सरकारी दवाखान्यात दाताच्या डॉक्टरला दाखव. सुरुवातीला ते बहुतेक वेळा दुखत नाहीच.