रूडोल्फ फिरखो

रूडोल्फ फिरखो (१३ ऑक्टोबर १८२१ – ५ सप्टेंबर १९०२) हे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ, मानवशास्त्रज्ञ व राजकारणी होते. ल्यूकेमिया हे रोगनाम त्यांनी दिले. पोमेरेनियातील शिफेलबाइन (आता पोलंडमध्ये) हे त्यांचे जन्मगाव. १८४३ मध्ये बर्लिन येथे वैद्यकाची पदवी घेऊन ते शारिटे रुग्णालयात शवविच्छेदनाचे काम करू लागले.

तेथे १८४५ मध्ये मृत्यू पावलेल्या एका स्त्रीची प्लीहा अतिशय वाढलेली होती व रक्तात श्वेतपेशी विलक्षण प्रमाणात होत्या. असाच एक रुग्ण एडिंबरोच्या जॉन ह्यूज बेनेट यांनी काही आठवडे आधी प्रसिद्ध केला होता; मात्र रक्तातच पू झाला, असे त्यांचे अनुमान होते. पू निर्माण करणारा दाह फिरखो यांना शरीरात कोठेही आढळला नाही. तेव्हा कारणाविषयी तर्क न करता त्यांनी जे दिसले तेवढेच नोंदवले, आणि १८४७ मध्ये त्याला पांढरे रक्त या अर्थाचे ग्रीक नाव दिले. पुढे त्यांनी प्लीहा वाढणारा आणि लसीका ग्रंथी वाढणारा, असे दोन प्रकार वेगळे केले.

यांपैकी पहिला प्रकार बव्हंशी आजच्या क्रॉनिक मायलॉइड ल्यूकेमियाशी जुळतो. या रोगाच्या परंपरेने तीन अवस्था मानतात. दीर्घकालिक अवस्थेत श्वेतपेशी वाढतात, पण त्यांतील बहुतेक पक्व होतात. त्यामुळे रुग्ण बराच काळ हिंडताफिरता असतो. नंतरच्या वेगवान अवस्थेत अपक्व पेशींचे प्रमाण चढते. त्या रक्तात किंवा अस्थिमज्जेत २० टक्के वा अधिक झाल्या की अंतिम, ब्लास्ट अवस्था आली असे समजतात. तिचे स्वरूप तीव्र ल्यूकेमियासारखे असते. हा उलगडा फिरखो यांच्या हातून होणे शक्य नव्हते. रोगाचे मूळ अस्थिमज्जेत आहे, हेसुद्धा १८७० च्या सुमारास एर्न्स्ट नॉयमान यांनी दाखवले.

१८४८ मध्ये अप्पर सायलीशियातील टायफसच्या साथीची पाहणी करून फिरखो यांनी दारिद्र्य व निरक्षरता यांवर बोट ठेवले. त्या वर्षीच्या क्रांतीतही ते उतरले. परिणामी सरकारचा रोष ओढवून त्यांना १८४९ मध्ये वुर्झबुर्गला जावे लागले. १८५६ मध्ये ते बर्लिनला परतले. १८५८ च्या ग्रंथात त्यांनी रोगाचे अधिष्ठान पेशीत असते, असे प्रतिपादन केले. बर्लिनच्या भुयारी गटारांसाठी ते झटले. प्रशियाच्या विधिमंडळात बिस्मार्कचे कडवे विरोधक होते.

रक्ताच्या बाबतीत पुराव्यापुढे न जाणाऱ्या या शास्त्रज्ञाने झेमेलवाइस यांचा हात धुण्याचा आग्रह मात्र मानला नाही, आणि जंतूंविषयीही ते दीर्घकाळ साशंक राहिले. जानेवारी १९०२ मध्ये चालत्या ट्राममधून उतरताना त्यांच्या मांडीचे हाड मोडले. त्यातून ते सावरले नाहीत व त्याच वर्षी बर्लिन येथे निधन पावले.