ध्वनीचा भार विभागणारा अभियंता

घरातील स्टिरिओच्या जाणकार शौकिनांना ‘बायअ‍ॅम्पिंग’ हा प्रकार परिचित आहे. एकाच स्पीकरमधील खर्जाच्या पडद्याला एक आणि वरच्या स्वरांच्या भागाला दुसरा, असे दोन स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर जोडले जातात. खर्जासाठी दणकट ट्रान्झिस्टरचा, तर तीव्र स्वरांसाठी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर अशीही जोडी जमवली जाते. मात्र दोघांची आवाजाची पातळी जुळली नाही, तर समतोल बिघडतो. सारा भार एकावरच टाकू नये, हे यामागचे सूत्र. स्पीकरच्या रचनेत हेच सूत्र रुजविणाऱ्या अभियंत्यांत जेम्स बुलो लान्सिंग यांचे नाव अग्रभागी आहे. ‘जेबीएल’ ही त्यांचीच आद्याक्षरे.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १४ जानेवारी १९०२ रोजी जन्मलेल्या लान्सिंग यांचे मूळ आडनाव मार्टिनी. आईच्या निधनानंतर ते सॉल्ट लेक सिटीला गेले. तेथे केन डेकर यांच्याशी त्यांची गाठ पडली. १९२७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये दोघांनी स्पीकर बनविणारी कंपनी काढली आणि त्याच वर्षी लान्सिंग यांनी नवे नाव धारण केले. कारखाना लान्सिंग यांनी पाहायचा आणि व्यवहार डेकर यांनी, अशी कामाची वाटणी होती.

चित्रपट बोलू लागले होते. पण मोठ्या प्रेक्षागृहात एकाच प्रकारच्या स्पीकरमधून संवाद आणि संगीत सारख्याच स्पष्टतेने ऐकू येत नसे. एमजीएम स्टुडिओचे डग्लस शिअरर आणि जॉन हिलियर्ड यांनी खर्ज व तीव्र स्वर निरनिराळ्या भागांकडे सोपविणारी यंत्रणा आखली. तिच्या जडणघडणीत लान्सिंग यांच्या कंपनीचा मोठा वाटा होता. ‘शिअरर हॉर्न’ नावाच्या या यंत्रणेला अकादमीचा तांत्रिक पुरस्कार लाभला. तेच तत्त्व लहान आकारात आणणारा ‘आयकॉनिक’ हा लान्सिंग यांचा स्पीकर पुढे स्टुडिओंमध्ये नावाजला गेला.

१९३९ मध्ये डेकर विमान अपघातात मृत्युमुखी पडले आणि कंपनीचा व्यवहाराचा आधारच नाहीसा झाला. उत्तम यंत्र घडविणे आणि हिशेब सांभाळणे ही दोन वेगळी कामे. दुसरे काम लान्सिंग यांच्या प्रकृतीला मानवणारे नव्हते. १९४१ मध्ये आर्थिक अडचणीतील कंपनी ‘अल्टेक’ने विकत घेतली. नव्या ‘अल्टेक लान्सिंग’मध्ये त्यांनी पाच वर्षे तांत्रिक धुरा वाहिली. एकाच अक्षावर खर्ज व तीव्र स्वरांची सांगड घालणारा ‘६०४’ हा स्पीकर याच काळातला.

१९४६ मध्ये त्यांनी पुन्हा स्वतःची कंपनी स्थापली. नावावरून जुन्या मालकांशी वाद झाला आणि अखेरीस ‘जेम्स बी. लान्सिंग साऊंड’ हे नाव निश्चित झाले. चार इंची व्हॉइस कॉइलचा, पंधरा इंची ‘डी१३०’ हा त्यांचा स्पीकर पुढे जगभर गाजला; परंतु कर्ज वाढतच गेले. यंत्राचा भार विभागणाऱ्या या अभियंत्याच्या खांद्यावरील ओझे वाटून घेणारा डेकरसारखा जोडीदार मात्र त्यांना पुन्हा लाभला नाही. सप्टेंबर १९४९ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, त्यांनी आपली जीवनयात्रा स्वतःच संपविली.

कंपनीच्या नावे असलेल्या त्यांच्या आयुर्विम्याचे दहा हजार डॉलर कारखान्याच्या उपयोगी पडले. व्यवहारकुशल विल्यम थॉमस यांनी सूत्रे हाती घेतली, कंपनी तगली आणि ‘जेबीएल’ हे नाव घराघरांत पोहोचले. हयातीत ज्या व्यवहारी हातांची उणीव लान्सिंग यांना जाणवली, तेच हात त्यांच्या पश्चात त्यांच्या यंत्रांना लाभले.