रिकाम्या बाटल्या विकणाऱ्या जमशेटजींनी चीनशी व्यापार करायला पैसा कुठून आणला?

जेजे हॉस्पिटल, जेजे स्कूल ऑफ आर्ट, जेजे उड्डाणपूल. मुंबईत फिरताना हे नाव दहा वेळा तरी कानावर येतं. हे जेजे म्हणजे सर जमशेटजी जीजीभॉय. त्यांच्या दानधर्माबद्दल बरंच बोललं जातं. पण खिशात काही नसताना हा माणूस निर्यातदार झाला कसा?

जन्म १७८३ चा, मुंबईतला. लहानपणीच आई-वडील गेले. मग मामा फ्रामजी नसरवानजी यांच्या दुकानात पोरगा कामाला लागला. धंदा रिकाम्या बाटल्यांचा, म्हणून आडनावच बाटलीवाला पडलेलं.

सोळाव्या वर्षाच्या आसपास जमशेटजी पहिल्यांदा चीनला जाऊन आले. तिथे कापसाला गिऱ्हाईक आहे, हे दिसलं. माल मुंबईत मिळत होता. अडचण एकच, पैसा. माल आज रोखीने घ्यायचा, जहाज चीनला पोचायला काही महिने, विक्री झाल्यावर पैसे परत यायला आणखी काही महिने. तोवर घर आणि धंदा कशावर चालवायचा?

जमशेटजींनी कर्ज काढलं आणि पुन्हा निघाले. एकूण पाच फेऱ्या केल्या. १८०५ साली चौथ्या फेरीत फ्रेंचांनी त्यांचं जहाज पकडलं. माल गेला, कैद नशिबी आली. पण त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा डॉक्टर होता. हाच जार्डिन पुढे चीनच्या व्यापारातला बडा माणूस झाला आणि जमशेटजींचा भरवशाचा भागीदारही.

पुढे युरोपातल्या युद्धामुळे कापसाचे भाव चढले आणि जमशेटजींच्या हातात पैसा आला. १८१४ मध्ये त्यांनी स्वतःचं जहाज घेतलं, गुड सक्सेस. जैन मोतीचंद अमीचंद, कोकणी मुसलमान महंमद अली रोगे आणि गोव्याचे रोजेरियो द फारिया यांच्यासोबत भागीदारी केली. धर्म वेगळे, पण जोखीम वाटून घेतली.

आता भूमिका बदलली. जहाज घेण्याची ऐपत नसलेले छोटे व्यापारी आपला माल जमशेटजींच्या पेढीकडे द्यायचे. त्या मालाच्या तारणावर पेढी आगाऊ रक्कम द्यायची. चीनमध्ये माल विकला गेला की तिथली चांदी चहा घेणाऱ्या व्यापाऱ्यांना द्यायची, बदल्यात लंडनवरच्या हुंड्या घ्यायच्या, त्या मुंबईत आणून वटवायच्या. बँकेचं काम पेढीच करत होती.

या यशाला एक काळी बाजूही आहे. कापसासोबत जाणारा मोठा माल म्हणजे माळव्याची अफू. तिने चीनमधली असंख्य घरं उद्ध्वस्त केली. १८३९ मध्ये चिनी अधिकाऱ्यांनी वीस हजारांहून जास्त पेट्या जप्त केल्या आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांचा पैसा अडकला. भरपाई उशिरा मिळाली, तीही अपुरी. मोठी पेढी तग धरू शकली. उधारीवर उभा असलेला लहान व्यापारी मात्र अशा धक्क्यात बुडायचा.

१८४२ मध्ये जमशेटजींना सर ही पदवी मिळाली, असा मान मिळालेले ते पहिले भारतीय. १८५९ मध्ये ते गेले.

आज इचलकरंजीचा कापडवाला किंवा सांगलीचा बेदाणेवाला परदेशी ऑर्डर घेतो, तेव्हा अडचण तीच असते. माल आधी, पैसे नंतर. फरक एवढाच की आता दारं जास्त आहेत. ऑर्डर दाखवून माल तयार करायला बँकेकडून पॅकिंग क्रेडिट घेता येतं, माल रवाना झाल्यावर बिलावर पैसे उचलता येतात. आणि परदेशी गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर १९५७ मध्ये स्थापन झालेल्या ईसीजीसी या सरकारी कंपनीचा विमा असतो.

पण हा विमा आपोआप मिळत नाही, आधी काढून ठेवावा लागतो. त्यामुळे ऑर्डर हातात आली की पहिली चक्कर बँकेत मारायची, कारखान्यात नंतर.