मेनो सायमन्स

मेनो सायमन्स (इ.स. १४९६ – ३१ जानेवारी १५६१) हे नेदरलँड्समधील ख्रिस्ती धर्मसुधारक होते. अ‍ॅनाबॅप्टिस्ट, म्हणजेच पुनर्बाप्तिस्मावादी, चळवळीच्या विखुरलेल्या अनुयायांना त्यांनी अहिंसेच्या पायावर संघटित केले. त्यांच्याच नावावरून या अनुयायांना मेनोनाइट म्हटले जाऊ लागले.

पार्श्वभूमी

२१ जानेवारी १५२५ रोजी झुरिच येथे काही प्रौढ व्यक्तींनी एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. तान्ह्या मुलाला श्रद्धेचा अर्थ कळत नाही, म्हणून बाप्तिस्मा समजत्या वयात व स्वेच्छेने घ्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. त्या काळी मूल जन्मतःच चर्चचे आणि ओघाने राज्याच्या समाजव्यवस्थेचेही घटक मानले जाई. धर्म ही निवडीची बाब ठरवणे म्हणजे या व्यवस्थेलाच नकार देणे होते. त्यामुळे कॅथलिक व प्रॉटेस्टंट हे दोन्ही पक्ष या चळवळीच्या विरोधात उभे राहिले. १५२९ मध्ये स्पायर येथील साम्राज्यसभेने पुनर्बाप्तिस्म्यासाठी देहदंडाची शिक्षा ठरवली.

जीवन

मेनो यांचा जन्म फ्रीसलंड प्रांतातील विटमार्सुम या गावी झाला. १५२४ मध्ये त्यांना कॅथलिक पुरोहितपदाची दीक्षा मिळाली व पिंग्युम गावी त्यांची नेमणूक झाली. मिस्साविधीतील भाकर व द्राक्षारस खरोखरच ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात का, ही शंका त्यांना लवकरच छळू लागली. तोवर त्यांनी बायबल वाचलेले नव्हते. शंकानिरसनासाठी ते वाचू लागले आणि चर्चच्या शिकवणुकीपासून मनाने दूर जाऊ लागले. १५३१ मध्ये ल्यूवार्डन येथे एका शिंप्याला पुन्हा बाप्तिस्मा घेतल्याबद्दल ठार करण्यात आले. या घटनेने ते हादरले. त्यांनी बायबल पुन्हा तपासले; बालबाप्तिस्म्याला त्यात आधार सापडला नाही. तरीही ते पुरोहितपदावर राहिले. त्याच सुमारास त्यांची विटमार्सुमला बदली झाली.

१५३४ मध्ये जर्मनीतील म्युन्स्टर शहर अ‍ॅनाबॅप्टिस्टांच्या एका जहाल गटाने ताब्यात घेतले व तेथे तलवारीच्या बळावर देवाचे राज्य स्थापण्याचा प्रयत्न केला. १५३५ मध्ये त्याचा शेवट रक्तपातात झाला. त्याच वर्षी बोल्स्वार्डजवळील एका मठात आश्रय घेतलेले अनेक अ‍ॅनाबॅप्टिस्ट मारले गेले. या भाबड्या माणसांना योग्य वाट दाखवणारे कोणी नव्हते आणि सत्य कळूनही आपण सुखाच्या नोकरीत राहिलो, या जाणिवेने मेनो यांना ग्रासले. जानेवारी १५३६ मध्ये त्यांनी पुरोहितपदाचा त्याग केला. पुढे ओबे फिलिप्स यांनी त्यांची मंडळीच्या वडीलपदी नियुक्ती केली.

यानंतरचे त्यांचे आयुष्य भूमिगत अवस्थेत गेले. गेर्ट्रूड यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु मुलाबाळांसह एका जागी निर्धास्त राहणे त्यांना दीर्घकाळ लाभले नाही. १५३९ मध्ये त्यांना आसरा दिल्याबद्दल एका शेतकऱ्याला प्राणास मुकावे लागले. १५४२ मध्ये सम्राट पाचवा चार्ल्स याने त्यांना पकडून देणाऱ्यास १०० गिल्डरांचे बक्षीस जाहीर केले. १५३९–४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रमुख ग्रंथात त्यांनी ख्रिस्ती शिकवणुकीची मूलतत्त्वे मांडली. खरा ख्रिस्ती शस्त्र उचलत नाही व श्रद्धेच्या बाबतीत बळजबरी चालत नाही, हे त्यांच्या विचारांचे सार होते.

उत्तरायुष्यात मंडळीतील शिस्तीचा प्रश्न तीव्र झाला. बहिष्कृत सदस्याशी त्याच्या पती वा पत्नीनेही संबंध तोडावेत का, यावर तीव्र मतभेद झाले. सुरुवातीस सौम्य असलेले मेनो अखेरीस कठोर पक्षाकडे झुकले. सक्तीला विरोध करणाऱ्या मंडळीतही माणसे दुरावली. १५५४ पासून ते उत्तर जर्मनीत ओल्डेस्लोजवळील व्युस्टेनफेल्डे येथे एका सरदाराच्या आश्रयाने राहिले. तेथेच त्यांचे निधन झाले.

वारसा

सैनिकी सेवेस नकार देणाऱ्या मेनोनाइटांना वारंवार देशांतर करावे लागले. रशियाने ही सवलत काढून घेतल्यावर १८७४ पासून सुमारे १८,००० मेनोनाइट उत्तर अमेरिकेत गेले. पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहिल्याने, निवडीतून जन्मलेल्या या पंथाला अनेक ठिकाणी वांशिक समाजाचे रूप आले. आडनाव, बोली व पेहराव हीच ओळख ठरू लागली.

भारतातील मेनोनाइट मंडळ्यांनी ही ओळख बदलली. अमेरिकन मेनोनाइटांनी १८९९ मध्ये त्यावेळच्या मध्य प्रांतातील धमतरी येथे काम सुरू केले. १८९९–१९०० च्या दुष्काळात त्यांनी अन्नछत्रे व अनाथाश्रम चालवले. त्याच दुष्काळाने मलकापूर-बुलढाण्यासह वऱ्हाडही होरपळला होता. १९०३ मध्ये वऱ्हाड प्रशासनाच्या दृष्टीने मध्य प्रांताला जोडला गेला. पुढे चांपा येथे कुष्ठरुग्णांसाठी आश्रम उभा राहिला. आज छत्तीसगढ व तेलंगणातील मेनोनाइट हिंदी, छत्तीसगढी व तेलुगू भाषांत उपासना करतात. १९९७ मध्ये मेनोनाइटांचे जागतिक अधिवेशन कोलकाता येथे भरले. २०१० मध्ये लूथरन जागतिक महासंघाने अ‍ॅनाबॅप्टिस्टांच्या छळाबद्दल त्यांची औपचारिक क्षमा मागितली.