डिझेल : पंपावरच्या नावामागचा माणूस

चाळीसगावच्या पंपावर आपण रोज ‘डिझेल’ म्हणतो. वर्गात विचारून बघा, हे एका माणसाचं आडनाव आहे हे कितीजणांना माहीत असतं!

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म 18 मार्च 1858 रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील जर्मन, वडील चामड्याच्या वस्तू बनवायचे. 1870 च्या युद्धात जर्मनांना फ्रान्स सोडावं लागलं. कुटुंब लंडनला गेलं आणि बारा वर्षांच्या रुडॉल्फला शिक्षणासाठी ऑग्सबर्गला काका-काकूंकडे पाठवलं. पुढे म्युनिकला शिकताना एक गोष्ट त्यांच्या डोक्यात बसली : वाफेचं इंजिन कोळशातली बहुतेक उष्णता वायाच घालवतं. छोट्या कारागिराला परवडेल असं इंजिन त्यांना हवं होतं.

त्यांची युक्ती मुलांना सायकलच्या पंपावर समजावता येते. हवा जोरात दाबली की पंप तापतो. हवा खूपच दाबली तर त्यात सोडलेलं इंधन ठिणगीशिवाय पेटतं. म्हणून डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. 1893 च्या पहिल्या चाचणीत दाब मोजायचं यंत्रच फुटलं. चार वर्षं खपल्यावर, 1897 मध्ये, इंधनातली सुमारे 26 टक्के उष्णता कामी आली.

इंधनाचं काय? आधी त्यांनी कोळशाच्या भुकटीचाही विचार केला होता. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात तर एक डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चाललं! आपल्या खानदेशात हे सांगितलं की मुलं लगेच कान टवकारतात.

नाव झालं, पैसा टिकला नाही. पेटंटचे खटले, आजारपण, बुडालेली गुंतवणूक. 29 सप्टेंबर 1913 च्या रात्री इंग्लंडला जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवरून ते नाहीसे झाले. काही दिवसांनी समुद्रात मृतदेह सापडला. नेमकं काय घडलं, हे आजवर कळलेलं नाही.

त्यांचं इंजिन अवजड होतं. गाडीत बसण्याइतकं ते पुढे लहान झालं. 1936 मध्ये मर्सिडीझची डिझेल मोटार आली. आपल्याकडे बजाज टेम्पोची मॅटाडोर अनेकांना आठवत असेल.

आता शाळेची व्हॅन ठरवताना पालक विचारतात, डिझेल की सीएनजी? कन्नड घाट चढायचा, भरल्या गाडीने रोज धुळ्याला जायचं, तर डिझेलचा जोर कामाला येतो. पण गावातल्या गावात दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर नव्या डिझेल गाडीची काजळी अडवणारी जाळी साफ व्हायला पुरेशी तापत नाही आणि तुंबते. तिथं पेट्रोल किंवा सीएनजीच बरं.